अपेक्षित उत्तराचा रकाना

अध्यापक प्रशिक्षणाच्या क्षेत्रात पाठटाचण हा एक स्वतंत्र वाङ्मयप्रकार मानावा लागतो, कारण त्यात नायक, संवाद आणि सुखान्त हे तिन्ही घटक आढळतात आणि प्रत्यक्ष वर्गाशी त्याचे साम्य आढळल्यास तो निव्वळ योगायोग असतो. पाठटाचण म्हणजे एका तासिकेत शिक्षक काय करील आणि मुले काय करतील याचा आगाऊ लिहिलेला आराखडा. त्यात एका बाजूस शिक्षकाचा प्रश्न आणि दुसऱ्या बाजूस ‘अपेक्षित उत्तर’ असा रकाना असतो. या रचनेचे मूळ योहान फ्रीडरिश हर्बार्ट (1776–1841) या जर्मन विचारवंताच्या अनुयायांनी आखलेल्या पाच पायऱ्यांत सापडते. मुलाने पूर्वज्ञानापासून नव्या ज्ञानापर्यंत या पायऱ्या क्रमाने चढाव्यात अशी त्यांची कल्पना होती. मूल कठड्यावरून घसरगुंडी करील, ही शक्यता त्या आराखड्यात धरलेली नाही.

जबलपूर शहराचा या वाङ्मयप्रकाराशी जुना संबंध आहे. पुढे प्रांतीय शिक्षण महाविद्यालय या नावाने ओळखले गेलेले स्पेन्स ट्रेनिंग कॉलेज येथलेच, आणि हिंदीतील थोर व्यंगकार हरिशंकर परसाई यांनी 1941 ते 1943 या काळात अध्यापनाचे शिक्षण घेतले तेही तेथेच. त्यानंतर त्यांनी शहरातल्या शाळांत शिकवले आणि अखेर नोकरी सोडून लेखन हाच व्यवसाय पत्करला. टाचणे लिहून माणूस व्यंगकार होतो, असा सिद्धान्त एका उदाहरणावरून मांडणे शास्त्रीय ठरणार नाही. तथापि तो खोडून काढण्याची घाई करण्याचेही कारण दिसत नाही.

आजचा छात्राध्यापक, म्हणजे स्वतः शिकत असतानाच इतरांना शिकवण्याची परवानगी मिळालेली व्यक्ती, प्राथमिक शिक्षणाच्या दोन वर्षांच्या पदविकेत एकूण 20 आठवडे शाळेत काढतो. केंद्र शासनाने 2021 मध्ये सुरू केलेल्या ‘निपुण भारत’ अभियानानुसार, ज्याची मध्य प्रदेशातील आवृत्ती ‘मिशन अंकुर’ या नावाने चालते, तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान 60 शब्द अर्थ समजून वाचणे अपेक्षित आहे. शब्दपट्ट्या, कप्पेफलक आणि रात्री जागून रंगवलेली चित्रे घेऊन छात्राध्यापक पहिलीच्या वर्गात शिरतो, तेव्हा ते 60 शब्द त्याला फार दूरचे वाटत नाहीत.

अडचण पहिल्या शब्दापाशीच येते. समजा, तो शब्द ‘नाव’ असून ‘नर्मदेच्या पाण्यावर काय तरंगते?’ असा प्रस्तावनेचा प्रश्न टाचणात लिहिला आहे. जबलपूरच्या नर्मदाकाठी, ग्वारीघाटाच्या परिसरात वाढलेली मुले यावर दिवे, नारळ, झेंडूची फुले, द्रोण आणि एखाद्याचा काका अशी उत्तरे देतात. ती सर्व वस्तुस्थितीला धरून असतात आणि त्यांपैकी एकही रकान्यात बसत नाही. शेवटी नावेचे चित्र दाखवावे लागते, आणि मग चित्राखालच्या अक्षरांकडे न पाहता ‘डोंगा!’ असे वर्ग एकमुखाने वाचतो. मराठी घरातले एखादे मूल असल्यास ‘होडी’ अशी भर पडते. अर्थ पूर्णपणे पोहोचलेला असतो. अक्षरांची मात्र कोणी विचारपूसही केलेली नसते.

यातून मिळणारा पहिला धडा असा की, मुलाची चूक बहुधा नियम मोडल्याने होत नाही, तो अतिनिष्ठेने पाळल्याने होते. देवनागरी डावीकडून उजवीकडे वाचावी असे सांगितल्यावर ‘किताब’ हा शब्द ‘इकताब’ असा वाचणारे मूल आज्ञाधारकच म्हटले पाहिजे, कारण ऱ्हस्व इकाराची खूण व्यंजनाच्या आधी लिहितात आणि तिचा उच्चार नंतर करतात, ही लबाडी लिपीची आहे. हीच गोष्ट ‘ळ’ची. हिंदी शाळेच्या बाराखडीत जागा नसलेले हे अक्षर जबलपूरच्या मराठी घरात भिंतीवरच्या कालनिर्णयातून समोर येते, आणि नातवाने मोठ्या अभिमानाने वाचलेला ‘मंगलवार’ आजी जेवण थांबवून दुरुस्त करते.

दुसरा धडा असा की, वाचन हे शिक्षकाच्या आगमनाची वाट पाहत थांबलेले नसते. ‘कमल’पाशी अडखळणारे मूल बिस्किटाच्या पुड्यावरचे नाव क्षणात सांगते. मानसशास्त्रज्ञ उटा फ्रिथ यांनी 1985 मध्ये वाचनविकासाचे जे तीन टप्पे मांडले, त्यांतील हा पहिला, चिन्हवाचनाचा टप्पा होय. यात मूल शब्द अक्षराक्षराने न फोडता रंग आणि आकार यांवरून अखंड ओळखते. तेच नाव फळ्यावर पांढऱ्या खडूने लिहिले की ओळख संपते. तेव्हा पुडा वर्गात आणून त्यावरचीच अक्षरे सुटी करावीत, हे शहाणपण छात्राध्यापकाला सुचते. पुडा रिकामा आणावा, हे त्यापुढचे शहाणपण मधल्या सुट्टीपूर्वीच येते.

तिसरा धडा सर्वांत कठीण, कारण त्यात काहीच करायचे नसते. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने 1970च्या दशकात दाखवून दिले की, प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादाच सेकंद थांबतात आणि हा अवधी तीन सेकंदांपर्यंत वाढवला तर मुले अधिक लांब आणि अधिक विचारपूर्वक उत्तरे देतात. अक्षरे जुळवणाऱ्या मुलाला तर याहूनही अधिक अवधी लागतो. परंतु मागच्या बाकावर निरीक्षक लेखणी सरसावून बसलेले असताना तीन सेकंदांची शांतता छात्राध्यापकाला प्रहराएवढी वाटते, आणि निरीक्षकांना ती पाठ विसरल्याचे लक्षण वाटते. त्यामुळे ‘ना…’ एवढे मुलाने उच्चारताच उरलेला ‘व’ छात्राध्यापक स्वतःच वाचून टाकतो. या पद्धतीने 20 आठवड्यांत त्याचे स्वतःचे वाचन चांगलेच सुधारते.

या तिन्ही धड्यांचा निष्कर्ष एकच निघतो: वाचायला शिकवणाऱ्याने आधी मूल काय वाचत आहे ते वाचले पाहिजे आणि अपेक्षित उत्तराचा रकाना कोरा ठेवून वर्गात गेले पाहिजे. कोरा रकाना मात्र कोणत्याही प्रशिक्षण संस्थेत तपासणीला चालत नाही. म्हणून अनुभवी झालेले छात्राध्यापक एक मध्यम मार्ग काढतात: तासिका आधी घेतात आणि टाचण त्या रात्री लिहितात. अशा टाचणात नर्मदेवर दिवे, नारळ आणि काका यथास्थित तरंगत असतात, अपेक्षित आणि प्रत्यक्ष उत्तरांत तसूभरही फरक आढळत नाही, आणि ‘विद्यार्थ्यांच्या पूर्वज्ञानाचा उत्तम अंदाज’ असा शेरा तांबड्या शाईत मिळतो.