चिकटवे गुरुजी

मराठीचे निवृत्त मास्तर फ्लेक्सवर पुढाऱ्याचं तोंड बघत नाहीत, 'च्या' बघतात. बीडकडचे हे गुरुजी त्यातलेच. कार्तिकी पौर्णिमेला कपिलधारला दिंड्या निघाल्या की मांजरसुंब्यापासून स्वागताचे फलक लागतात आणि गुरुजींच्या खिशातून मार्कर निघतं. 'यात्रे निमित्त' दिसलं, की दोन शब्दांखाली जोडणारी कमान! 'परमरहस्य' मराठीत लिहिणाऱ्या मन्मथस्वामींच्या दारात असली मराठी? दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं व्याकरण १८३६चं. तेव्हापासून शब्दयोगी अव्यय नामाला चिकटतंय. "सवतीचं पोर आहे का, वेगळं ठेवायला?"

एकदा 'भाऊं च्या' जोडताना कमान भाऊंच्या मिशीवरून गेली. कार्यकर्ते धावून आले. गुरुजी शांतपणे म्हणाले, "मिशीला हात लावलेला नाही, 'च्या' जोडलाय." वाण्याच्या यादीत 'डाळी साठी', लग्नपत्रिकेत 'आशीर्वादा ने', कुठंच सुटका नाही.

मुलगा-सून नेदरलँड्समध्ये, आइंडहोवनला. तिथल्या नागरिकत्वासाठी डचची परीक्षा द्यावी लागते, म्हणून सूनबाई अभ्यासाला बसल्या. इंग्रजीवरून डच करायला जावं तर अव्ययं दगा देतात. इंग्रजीत 'फॉर' थांबायचं, डचमध्ये 'ऑप', म्हणजे चक्क 'वर'! इंग्रज 'विथ' प्रेमात पडतो, डच माणूस 'ऑप'. शाळेतही तो 'ऑप'च असतो.

गुरुजींना डच येत नाही, पण तर्खडकर पाठ. फोनवर ते गरजले, "इंग्रजी सोड. मराठीवरून कर! आपण प्रेम कुणावर करतो? रागावतो कुणावर? आणि मी आयुष्यभर शाळेवरच होतो की!" राग धरायलाही डचला 'ऑप'च लागतं, हे सूनबाईंनी सांगितलं. वर 'दारॉप' म्हणजे 'त्यावर', आणि तो शब्द डच लोक जोडून लिहितात, हे कळल्यावर तर गुरुजी दिवसभर गावात सांगत फिरले. अख्ख्या युरोपात शहाणी माणसं तेवढीच. सोमवारीही 'ऑप'च लागतं, म्हणजे 'सोमवारावर', हे समजल्यावर मात्र त्यांनी विषय बदलला.

कपिलधारच्या दरीत यात्रा भरली असताना नातीचा फोन आला. डच शाळेत जाणारी पोर म्हणाली, "आजोबा, मी वर शाळा जाते. तुम्ही कधी येणार ला आमचं घर?" अव्यय नामाच्या पुढं, तेही मोकळं! गुरुजी म्हणाले, "येतो बाळा. लवकर येतो."

आजींनी भुवया उंचावल्या. संसारभर त्यांच्या किराणा यादीवर कमानी पडल्या होत्या.

"पोरीला सांगितलं नाही जोडून बोलायला?"

"दरीत रेंज नाही," गुरुजी म्हणाले आणि पुढच्या फलकाकडं निघाले.