लग्नाच्या कोटावरची हिरवळ

वर्धा जिल्ह्यात वाढलेल्या माणसाला ओल हा कोकणातल्या लोकांचा घरगुती प्रश्न वाटतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की आमच्याकडे चादरीचं दुसरं टोक दोरीवर टाकेस्तोवर पहिलं वाळलेलं असतं. अशा मुलखात ‘कपाटाला बुरशी लागली’ म्हटलं की ऐकणारा आधी माझ्याकडे आणि मग संशयाने माझ्या बायकोकडे बघतो.

पण लागते. आणि तिला घरात घेणारा घरभेदी खिडकीतच बसलेला असतो: कूलर. कोरड्या हवेत ताट्यांमधलं पाणी उडून जातं आणि जाताना गारवा देतं. मृगाचा पाऊस पडून हवाच पाण्याने भरली की ते पाणी उडणार कुठे? मग गारवा नावाला आणि दमटपणा मणभर. जाणती माणसं तेव्हा पंप बंद करून नुसता पंखा चालवतात. पण जुलैचा उकाडा जाणतेपणाला जुमानत नाही. ‘जरा वेळ लावतो जी पंप’ म्हणत अख्खा महिना निघतो आणि तो ओला वारा समोरच्या कपाटात घुसत राहतो. कपाट टेकवलेलं असतं नेमकं पावसाची झड खाणाऱ्या भिंतीला. त्यात आमची काळी माती. उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते आणि वरच्या घराच्या भिंतींना तडे देऊन पाण्याला वाट करून देते.

बुरशीची आवड मात्र उंची, हे मान्य केलं पाहिजे. रोजच्या बनियनकडे ती ढुंकूनही बघत नाही. तिला लागतो चामड्याचा पट्टा, ठेवणीतला शालू, जुन्या फायली आणि माझा लग्नातला कोट. कोटाच्या कॉलरवर तर अशी करडी-हिरवी लव तरारली होती की शेजारच्या काकाजींनी पीकविमा काढायला सांगितलं.

सल्ल्यांना तोटा नव्हता. हिंगणघाटच्या मोठ्या आईने कडुलिंबाचा पाला ठेवायला लावला, मेहुण्याने डांबराच्या गोळ्या आणून दिल्या. दोन्ही उपाय कसरीसाठी चांगले. बुरशीला त्यांचं सोयरसुतक नाही. हवेत ओल आहे तोवर तिचा मुक्काम पक्का. कापराने कपाटाला देवळाचा वास आला, एवढंच. त्यातल्या त्यात कामाला आला कळीचा चुना. वाटीत ठेवला की ओल शोषून त्याची भुकटी होते, मग नवा ठेवायचा. फक्त लहान पोरांचे आणि ओले हात त्यापासून लांब हवेत.

मग पाहुणे आले. पाहुणे आले की त्यांना सेवाग्रामला नेणं हा इथला शिरस्ता. गांधीजी १९३६ साली सेगावात राहायला आले. गावाचं सेवाग्राम झालं १९४० साली. बापूकुटीच्या मातीच्या भिंती आणि वरची कवेलू बघून मी पाहुण्यांना सांगू लागलो, की माती ओल पिते आणि हवा कोरडी झाली की सोडून देते, सिमेंटवरच्या ऑइलपेंटला ते जमत नाही. बायको भिंतींकडे बघतच नव्हती. ती बापूंचं मोजकं सामान बघत होती आणि अधूनमधून माझ्याकडे.

घरी येताच कपाट भिंतीपासून वीतभर पुढे आलं, मागच्या फळीला भोकं पडली, कूलरच्या पंपाची वायर निघाली. कपडे गच्चीवर गेले. तोंडाला दुपट्टा बांधून बायकोने एकेकाची बुरशी झटकली आणि ‘हे कधी घालता?’ या प्रश्नाला माझं उत्तर येण्याआधीच निम्मे शर्ट बोहारणीच्या गठ्ठ्यात टाकले. कोट तेवढा मी वाचवला. तो दोरीवर लटकलेला बघून समोरच्या गच्चीवरून काकूंनी विचारलं, “काऊन वो, कोनाचं लगन निघालं?”

“यायचंच,” बायको म्हणाली. “कोटाचं बटन लागलं तं.”