दहा आकडी आळस

फायबर जोडायला आलेला मुलगा भिंतीला भोक पाडतो, राउटर टांगतो, दिवे हिरवे झाले की मोबाईलवर स्पीड दाखवतो आणि चपला घालता घालता विचारतो, "काका, पासवर्ड तुमचा मोबाईल नंबरच ठेवू ना? लक्षात राहील." काका मान डोलावतात. मराठी मुलखातल्या हजारो घरांची वायफायची किल्ली अशी दारात उभ्याउभ्या ठरते. मला या प्रकाराचा राग येतो, पण त्या मुलाचा नाही. त्याला संध्याकाळपर्यंत आणखी घरं उरकायची असतात. राग आहे तो ही जोडणी 'पूर्ण' समजणाऱ्या कंपन्यांवर, आणि थोडा काकांवरही.

मुळात कुलूप उत्तम आहे, हे आधी सांगायला हवं. १९९७ साली वायफायबरोबर आलेली डब्ल्यूईपी ही पद्धत कच्ची होती. २००१ मध्ये तिच्यातली खोट उघड झाली आणि २००७ मध्ये जर्मनीतल्या डार्मस्टाटच्या संशोधकांनी ती मिनिटाभरात फोडून दाखवली. त्यानंतरची डब्ल्यूपीए-२ मात्र भक्कम निघाली. आपण टाकलेला पासवर्ड आणि नेटवर्कचं नाव एकत्र करून राउटर त्यावर ४,०९६ वेळा तीच गणिती क्रिया करतो आणि त्यातून २५६ बिटांची किल्ली बनवतो. ही किल्ली थेट शोधायला निघालं तर जगातले सगळे संगणक कमी पडतील. म्हणून चोर किल्लीच्या वाटेला जात नाही. तो तुमचा पासवर्ड ओळखायला बघतो.

फोन राउटरला जोडला जाताना दोघांत चार निरोपांची देवाणघेवाण होते. तिला हँडशेक म्हणतात. त्यात पासवर्ड कुठेच नसतो, पण एखादा अंदाज बरोबर की चूक हे तपासण्याइतका पुरावा असतो. जिन्यात लॅपटॉप घेऊन बसलेला माणूस हे निरोप टिपून घरी नेऊ शकतो. तिथे त्याला कुणी अडवत नाही, राउटर 'चुकीचा पासवर्ड' म्हणून हाकलत नाही. भारतातला मोबाईल नंबर दहा आकडी, सुरुवात ६, ७, ८ किंवा ९ ने. म्हणजे सगळे मिळून ४ अब्ज पर्याय. आजचं एक तगडं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला दहा लाख अंदाज सहज तपासतं. भागाकार करून बघा: सवा तासाच्या आत महाराष्ट्रातलाच काय, देशातला प्रत्येक नंबर तपासून होतो. आणि तुमचा नंबर सोसायटीच्या वहीत किंवा दुकानाच्या पाटीवर असेल तर तेवढाही वेळ लागत नाही.

हे कागदावरचं गणित नाही. २०२१ मध्ये इस्रायलमधल्या एका सुरक्षा संशोधकाने तेल अवीवच्या रस्त्यांवर फिरून ५,००० वायफाय नेटवर्कांचा असा पुरावा गोळा केला. त्यातले साडेतीन हजारांहून अधिक पासवर्ड त्याने शोधून काढले. मोठा वाटा कशाचा होता? मोबाईल नंबरांचा. तंत्रज्ञानात इतक्या पुढारलेल्या शहरातही लोकांना तोच एक पासवर्ड सुचला.

"आमच्याकडे चोरण्यासारखं आहे काय?" हा प्रश्न मला नेहमी ऐकवला जातो. त्याचं उत्तर सानपाड्यात मिळालेलं आहे. २६ जुलै २००८ ला अहमदाबादेत साखळी स्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी आलेल्या ईमेलचा माग काढत पोलीस नवी मुंबईतल्या एका अमेरिकी रहिवाशाच्या दारात पोचले. त्याचं वायफाय उघडं होतं आणि अतिरेक्यांनी ते वापरलं होतं. पुढच्या धमकीच्या ईमेलसाठी माटुंग्यातल्या एका महाविद्यालयाचं नेटवर्क वापरलं गेलं, दिल्लीच्या स्फोटांच्या वेळी चेंबूरच्या एका कंपनीचं. यातल्या कुणाच्याही घरातून किंवा कचेरीतून काही चोरीला गेलं नव्हतं. गेला तो त्यांचा पत्ता. तपास यंत्रणेसाठी इंटरनेटवर तुम्ही म्हणजे तुमचा आयपी पत्ता, आणि त्या पत्त्यावरून शेजारच्या गॅलरीतल्या माणसाने काय पाठवलं याचं पहिलं स्पष्टीकरण तुम्हालाच द्यावं लागतं.

शिवाय चोरण्यासारखं पुष्कळ असतं. बँकेचं अ‍ॅप स्वतःचं वेगळं एन्क्रिप्शन वापरतं, तिथे एवढी भीती नाही. पण दाराबाहेरचा कॅमेरा, टीव्ही, प्रिंटर, छोट्या दवाखान्यात रुग्णांच्या फायली ठेवलेला संगणक, हे सगळं आत शिरलेल्याला एकाच अंगणात सापडतं. सगळ्यात वाईट म्हणजे राउटरचं सेटिंगचं पान. तिथला वापरकर्ता 'अ‍ॅडमिन' आणि पासवर्डही 'अ‍ॅडमिन' असा कारखान्यातून आला तसाच असेल, तर आत आलेला माणूस तुमच्या घरातल्या सगळ्या फोनना तुमच्या नकळत खोट्या संकेतस्थळांकडे वळवू शकतो. वायफायचा पासवर्ड बदलून हा तसाच ठेवणाऱ्यांनी अर्धंच काम केलेलं असतं.

तेव्हा आज रात्री जेवणं झाली की त्या पानावर जा. डब्ल्यूपीए-३ दिसत असेल तर ते निवडा. २०१८ साली आलेल्या या पद्धतीत टिपलेल्या निरोपांवरून घरी बसून अंदाज तपासता येत नाहीत. जुने फोन जोडले जात नसतील तर डब्ल्यूपीए-२, एईएससह. डब्ल्यूपीएस नावाची बटण दाबून जोडण्याची सोय बंद करा. तिचा आठ आकडी पिन राउटर दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून काढता येतो. त्यामुळे दहा कोटींऐवजी जेमतेम ११,००० प्रयत्न पुरतात, हे २०११ मध्येच सिद्ध झालं आहे.

आता पासवर्ड. मुलीचं नाव आणि जन्मसाल नको, गणपतीबाप्पाही नको. शब्दकोश कुठेही उघडा, डोळे मिटून बोट ठेवा, तो शब्द घ्या. असं पुन्हा पुन्हा करा: सुतळी, पन्हाळा, किसणी, वादळ. मग ते रोमन अक्षरांत लिहा. साडेसात हजार शब्दांच्या यादीतून असे चार शब्द चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडले, तर सवा तासात सगळे मोबाईल नंबर संपवणाऱ्या त्याच कार्डाला सगळे पर्याय तपासायला शंभर वर्षं लागतील. पाचवा शब्द जोडा, मग साडेसात लाख वर्षं. ६३ अक्षरांपर्यंत मुभा आहे, पाच शब्द आरामात बसतात. कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला तरी चालेल. चोर जिन्यात आहे, कपाटात नाही. पाहुण्यांसाठी राउटरमध्ये वेगळं गेस्ट नेटवर्क असतं, ते चालू करा. पेइंग गेस्ट किंवा भाडेकरू सोडून गेला की पासवर्ड बदला, त्यात कुणाचा अपमान नाही.

पण मुख्य जबाबदारी कंपन्यांचीच आहे. जोडणी झाली हे ठरवायला त्या ग्राहकाकडून ओटीपी घेतात, स्पीडचा स्क्रीनशॉट घेतात. त्याच यादीत आणखी एक रकाना घाला: ग्राहकाने स्वतःच्या हाताने पासवर्ड टाकला का? आणि दहा आकडी मोबाईल नंबर राउटरने स्वीकारूच नये. ही सॉफ्टवेअरमधली किरकोळ दुरुस्ती आहे, पुढच्या अपडेटमध्ये ती करता येईल.