गाडीचे दात

यवतमाळी गाडीशौकीन व्हायला दारात गाडी असावी लागत नाही. दुसऱ्याच्या गाडीबद्दल मत असलं की पुरतं. एमएच २९ या पाटीखाली जिल्ह्याच्या सोळा तालुक्यांत जेवढी वाहनं फिरतात, त्याच्या कितीतरी पट मतं फिरतात, आणि त्यांना ना पासिंग लागतं ना विमा. बसस्टँडजवळच्या टपरीसमोर नवी गाडी थांबली की हा माणूस चहाचा ग्लास हातात घेऊनच तिच्याभोवती एक फेरी मारतो. आधी मागून पाहतो, मग बाजूने, तोंड सर्वांत शेवटी. टायरला चपलेने हलकेच टोकरतो आणि मालकाला विचारतो, ‘भाऊ, किती देते?’

हा प्रश्न मुळात गोठ्यातला. गाय किती देते, असं विचारणाऱ्याच्या नातवाने गाडीलाही तेच क्रियापद लावलं. फरक एवढाच, की गाय लिटर देते आणि गाडी लिटर पिऊन किलोमीटर देते. गाडी पारखायची रीत मात्र गाईवरून नव्हे, बैलावरून आलेली आहे. कापूस-तुरीच्या या मुलखात बंडीला जुंपायची जोडी घेणं हा घरातला मोठा व्यवहार. बाजारात तिची परीक्षा पायापासून सुरू व्हायची: खूर, चाल, खांदा, अंगावरचे भोवरे आणि मग दात. बैलाला कायमचे दात साधारण दोन वर्षांनी यायला लागतात, एकेक जोडी वाढत जाते, आणि आठ पूर्ण झाले की तो ‘जुळला’ म्हणतात. तिथून पुढे दातांची झीज. म्हणून विकणारा वय काहीही सांगो, घेणारा आधी बैलाचा खालचा ओठ ओढून पाहायचा.

सेकंडहँड गाडीच्या व्यवहारात हेच सारं जसंच्या तसं चालतं. विकणारा सांगतो, ‘डॉक्टरची गाडी हाय, रनिंग फक्त चाळीस हजार.’ (विकायला निघालेली प्रत्येक गाडी कधी ना कधी डॉक्टरचीच असते, तेवढे दवाखाने मात्र जिल्ह्यात दिसत नाहीत.) शौकीन मीटरकडे ढुंकून पाहत नाही. मीटर मागे फिरवता येतं, हे त्याला पाठ आहे. तो दार उघडतो, खाली वाकतो आणि ब्रेकच्या पायडलच्या रबरावरून अंगठा फिरवतो. चाळीस हजाराच्या गाडीत रबरावरच्या रेघा बोटाला लागायला पाहिजेत. इथे एक कोपरा साफ गुळगुळीत झालेला असतो, कारण पाय डॉक्टरचा असो की आणखी कुणाचा, रोज पडतो तिथेच. शेजारच्या क्लचचं रबर मात्र कोरं करकरीत, कालच बसवलेलं. ‘दात नवे बसवले वाट्टे,’ शौकीन पुटपुटतो आणि बोनेट उघडायला लावतो.

मग ऑइलची पट्टी. ती ओढायची, फडक्याला पुसायची, पुन्हा घालून काढायची आणि टोकावरचा थेंब अंगठा-तर्जनीत चोळायचा. डिझेल गाडीचं ऑइल बदलल्यावर थोड्याच दिवसांत काजळीने काळं पडतं, त्यामुळे रंगावरून फारसं काही कळत नाही. बोटांना कचकच लागली तरच बातमी. पण चोळताना चेहरा असा ठेवायचा, की विकणाऱ्याने आपणहून पाच हजार उतरावं. पूर्वी बैलाचा भाव दुपट्ट्याखाली बोटं धरून ठरायचा, बघ्यांना कळू नये म्हणून. आता तो मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर ठरतो, पण दुसऱ्या हाताचा आडोसा अजून सुटलेला नाही.

‘किती देते’ याचं बिनचूक उत्तर काढायला टाकी तोंडोतोंड भरावी, गाडी चालवावी, पुन्हा तोंडोतोंड भरावी आणि भागाकार करावा. ४१२ किलोमीटरला २४ लिटर लागलं तर ॲव्हरेज १७ आणि वर किंचित. टपरीवर ते १९ होतं, मेहुण्यासमोर २१. वेळेचंही तसंच. ‘यवतमाळहून नागपूर दीड तासात’ असं सांगणारा खोटं बोलत नाही. त्याचं घड्याळ कळंब सोडल्यावर सुरू होतं आणि बुटीबोरीला थांबतं. दोन्ही टोकांची पन्नासेक किलोमीटर हिशोबात धरत नाहीत. ते काय, गावातलंच.

आता मतं. ॲम्बॅसेडरचं उत्पादन २०१४ साली थांबलं, तेव्हा गाड्या संपल्या आणि डबे उरले, असं जुन्या शौकिनाचं म्हणणं. पुढच्या सीटवर तिघं बसत नाहीत ती गाडी कसली? तो माफ करतो फक्त २००० साली आलेल्या बोलेरोला. तिला मागे पाटे आहेत. पाटे भार पेलायला केलेले, म्हणून रिकामी गाडी खड्ड्यात उडते आणि माणसं कोंबली की मऊ चालते. दहाजण बसवायला एवढं कारण पुरतं. वणीकडे राहणाऱ्याने पांढरी गाडी घेऊ नये, कोळशाची धूळ आठवड्यात तिचा रंग ठरवते. यवतमाळ-मूर्तिजापूर या ११३ किलोमीटरच्या शकुंतला रेल्वेबद्दलचं मत तर थेट बैलांच्या शंकरपटावरचं: रुळांतलं अंतर होतं ७६२ मिलिमीटर, म्हणजे बंडीच्या दोन चाकांतल्या अंतरापेक्षा कमी. पाय एवढे जवळ टाकणारं जनावर पळणार कसं?

संसारालाही हीच पारख लागते. पुतणीसाठी मुलगा पाहायला गेलं की पोह्यांआधी अंगणातली गाडी. मडगार्डच्या आत गेल्या पावसाळ्याची काळी माती वाळून बसली असेल तर पोरगा आळशी, आणि सीटवरचं कंपनीचं प्लास्टिक दोन वर्षांनीही निघालं नसेल तर सासू कडक. सर्व्हिसिंग पोळ्याआधी उरकलेली बरी; बैलांच्या खांद्याला तूप-हळद लागते, तेव्हा इंजिनलाही काहीतरी मिळायला पाहिजे.

अलीकडे टपरीसमोर बॅटरीवरच्या गाड्याही थांबू लागल्या आहेत. शौकीन फेरी मारतो, टायर टोकरतो, दार लोटून आवाज ऐकतो. ‘किती देते?’ याचं उत्तर आता चार्जिंगमागे मिळतं. त्यातून मेहुण्यासाठीचा आकडा तो लगेच काढतो. मग बोनेट उघडायला सांगतो. आत सगळं झाकलेलं, ऑइलची पट्टीच नाही. तो दोन क्षण वाकून पाहतो आणि कोरडाच अंगठा तर्जनीवर चोळत चोळत मागे सरकतो.