पिस्तूल, जीवाश्म आणि ड्यूक

चार्टर्ड अकाउंटंटने काय वाचावं याबद्दल समाजाच्या कल्पना ठाम असतात. अर्थसंकल्पाची पुरवणी, फार तर ‘राऊ’ किंवा ‘स्वामी’, आणि साठीनंतर ज्ञानेश्वरी. डोंबिवलीहून सुटणाऱ्या जलद लोकलमध्ये माझ्या हातात जे पुस्तक असतं ते या यादीत बसत नाही. त्याच्या मुखपृष्ठावर शर्टाची बटणं हरवलेला एक उमराव असतो. त्याच्या मिठीत जांभळ्या झग्यातली एक तरुणी असते आणि तिची मान अशा कोनात वळलेली असते की हाडांच्या डॉक्टरांनी तातडीने लक्ष घालावं. म्हणून मी त्यावर गुलाबी अर्थविषयक वर्तमानपत्राचं कव्हर चढवतो. सहप्रवाशांना वाटतं, मी जीएसटीच्या दुरुस्त्या वाचतोय. मधेच मी खुदकन हसतो तेव्हा त्यांना माझी काळजी वाटते.

आमच्या घरात वाचनाची विभागणी उलटी आहे. बायको उत्तर युरोपातल्या बर्फातले खून वाचते. “तुमच्या पुस्तकांत कुणी मरत नाही का हो?” असं तिने एकदा विचारलं. मरतात, पण पहिल्या प्रकरणाच्या आधी. नायिकेचा बाप, नायकाचा थोरला भाऊ आणि वारसाहक्काच्या आड येणारे दोन-तीन चुलते एवढे जीव गेल्याशिवाय गोष्ट सुरूच होत नाही.

मला व्यसन आहे ते रीजन्सी कादंबऱ्यांचं. तिसरा जॉर्ज भ्रमिष्ट झाला म्हणून त्याचा मुलगा राजप्रतिनिधी म्हणून कारभार बघत होता, ती १८११ ते १८२० ही इंग्लंडमधली नऊ वर्षं. आपली पेशवाई याच काळात बुडत होती. त्यातही मला ओढ आहे ती चाकोरीत न बसणाऱ्या नायिकेची. नाजूक, लाजरी, ऊठसूट चक्कर येणारी मुलगी मला चालत नाही. माझी नायिका चोवीस ते एकोणतीसच्या दरम्यानची, म्हणजे त्या काळच्या हिशेबाने लग्नाच्या बाजारातून बाद झालेली असते. तिला चष्मा असतो, मत असतं आणि बहुधा पिस्तूलही असतं. दहाव्या पानावर ती जाहीर करते की आपण लग्न करणार नाही. साडेतीनशेव्या पानावर ती ड्यूकशी लग्न करते.

ड्यूकांबद्दल लेखापरीक्षक म्हणून एक शेरा मारायलाच हवा. राजघराण्यातले सोडले तर त्या काळी साऱ्या ब्रिटनमध्ये ड्यूक होते तीसेक. त्यातले बरेच विवाहित, काही म्हातारे आणि काही संधिवाताने बेजार. माझ्या एका कपाटात अविवाहित, पस्तिशीच्या आतले आणि सर्व दात शाबूत असलेले ड्यूक याहून जास्त भरतील. हा साठा पडताळणीत टिकणार नाही.

पिस्तुलाचं म्हणाल तर ते शोभेपुरतं नसतं. जॉर्जेट हेयरच्या ‘द ग्रँड सोफी’ (१९५०) मधली सोफी आत्याच्या लंडनच्या घरी येते ती एक माकड, एक पोपट आणि एक कुत्री घेऊन, आणि आठवडाभरात अख्खं घर आपल्या ताब्यात घेते. आतेबहिणीने भलत्याच कवीचा नाद सोडावा आणि चांगल्या माणसाकडे बघावं म्हणून ती त्या चांगल्या माणसाच्या दंडात गोळी घालते. सहानुभूती उत्पन्न व्हावी, एवढाच हेतू! लोरेटा चेसच्या ‘लॉर्ड ऑफ स्काउंड्रल्स’ (१९९५) मधली जेसिका आपली बदनामी करणाऱ्या नायकाला सरळ गोळी घालते. तीही दंडातच. या वाङ्मयप्रकारात दंड हा पुरुषाचा सर्वांत असुरक्षित अवयव आहे.

पिस्तूल नसेल तर दगड. टेसा डेअरच्या ‘अ वीक टू बी विकेड’ (२०१२) ची नायिका मिनर्व्हा भूगर्भशास्त्र जाणणारी. एका प्राचीन प्राण्याच्या पावलाच्या ठशाला तिने फ्रान्सीन असं नाव दिलंय आणि त्याचा साचा एडिंबराच्या परिषदेत मांडण्यासाठी ती एका उनाड उमरावाला सोबत घेऊन निघते. अतिशयोक्ती वाटते? त्याच काळात लाइम रीजिसच्या किनाऱ्यावर मेरी ॲनिंग नावाची सुताराची मुलगी खरोखरचे अजस्र सागरी सरडे खडकांतून खणून काढत होती. तिने काढलेल्या सांगाड्यांवर पुरुषांनी निबंध वाचले. लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीने बायकांना फेलो म्हणून घेतलं ते १९१९ साली, आणि मेरी वारली होती १८४७ साली. तिच्या वाट्याला ड्यूक सोडाच, साधा नवराही आला नाही. कोर्टनी मिलनच्या ‘द काउंटेस कॉन्स्पिरसी’ची (२०१३) कळ हीच आहे: शोध बाईचे, व्याख्यानं तिच्या मित्राच्या नावावर. ते पुस्तक वाचताना मात्र मला लोकलमध्ये हसू आलं नव्हतं.

ही नायिका लग्नाला नकार देते तेव्हा समीक्षक तिला ‘आजच्या काळातली बाई जुन्या झग्यात’ म्हणून हिणवतात. मी त्यांच्याशी सहमत नाही, आणि माझं कारण धंद्याचं आहे. इंग्लंडच्या तेव्हाच्या कायद्यात लग्न लागलं की बाईची रोकड, दागिने, कमाई सगळं नवऱ्याचं व्हायचं. विवाहित स्त्रीला स्वतःच्या नावावर मालमत्ता ठेवण्याचा पुरता हक्क मिळाला तो १८८२ च्या कायद्याने. म्हणजे दहाव्या पानावरचा नकार हा हट्ट नसतो, तिने ताळेबंद वाचलेला असतो. माझे निम्मे अशील वाचत नाहीत.

माझी माहीमची मावशी एके काळी वधूवर सूचक मंडळ चालवायची. तिला मी या गोष्टी तोंडी सांगतो आणि ती स्थळं तपासते. लंडनच्या ऑलमॅक्स या नाचघराचं वर्णन ऐकून तिला आपल्या मेळाव्याचीच आठवण झाली. दर बुधवारी नाच, प्रवेश कुणाला द्यायचा हे ठरवणाऱ्या चार-सहा खमक्या बायका, रात्री अकरानंतर दार बंद, आणि खायला फक्त लोण्याचे पातळ पाव आणि लिंबू सरबत. खुद्द सेनापती वेलिंग्टनला दारातून परत पाठवल्याची आख्यायिका आहे. “योग्य केलं,” मावशी म्हणाली. “एकदा सवलत दिली की सगळे मागतात. पण खायला एवढंच? आम्ही बटाटेवडा द्यायचो.”

मग मी तिला ‘फ्रेडरिका’ (१९६५) सांगितली. हीही हेयरचीच. फ्रेडरिका मेरिव्हिल चोवीस वर्षांची. आईबाप गेलेले, धाकटी बहीण अतिशय देखणी आणि डोक्याने बेताची, शिवाय तीन धाकटे भाऊ. बहिणीला चांगलं स्थळ मिळावं म्हणून ती लांबच्या नात्यातल्या मार्क्विस ऑफ ऑल्व्हरस्टोकच्या दारात जाते. सदतीस वर्षांचा, गडगंज, आत्मकेंद्री आणि सदैव कंटाळलेला गृहस्थ.

“करतो काय?” मावशी.

“काही नाही.”

“मग उत्पन्न?”

“शेती.”

“कुळकायद्यात गेली नाही ना?”

“मावशी, इंग्लंडमध्ये.”

“बरं. पण सदतीस म्हणजे घोडनवराच. आणि आधीची भानगड?”

होत्या, एकाहून जास्त, आणि मार्क्विसने त्या लपवल्याही नव्हत्या. मावशीने हे त्याच्या जमेला धरलं.

पुढची गंमत अशी की फ्रेडरिकाचं या माणसाकडे लक्षच नाही. तिला वेळ नाही. लुफ्रा नावाचा त्यांचा गावठी कुत्रा ग्रीन पार्कात गाईंच्या मागे धावतो. प्रकरण अंगाशी येतं तेव्हा तो दुर्मिळ बलुचिस्तानी हाउंड ठरवला जातो आणि मार्क्विसच्या नावावर खपवला जातो. धाकट्या फेलिक्सला यंत्रांचं वेड, तो मार्क्विसला लोखंडाचा कारखाना दाखवायला लावतो आणि शेवटी सुटलेल्या बलूनला लटकून आभाळात जातो. फ्रेडरिका त्याच्या आजारपणात रात्री जागते, किराण्याचे हिशेब बघते, बहिणीच्या प्रेमाची लफडी निस्तरते. मार्क्विस तिच्या प्रेमात आकंठ बुडाला आहे हे घरातल्या सगळ्यांना कळतं. तिला सर्वांत शेवटी कळतं, आणि तेव्हाही तिला शंका असते की हे प्रेमच की दुसरं काही.

मावशी गप्प झाली. मग म्हणाली, “अशा मुलींची नावं आमच्या रजिस्टरात यायचीच नाहीत. धाकट्यांचं करता करता ती स्वतःचं नाव द्यायचीच विसरते.”

या वाक्यानंतर माझं मत पक्कं झालं. पिस्तूलवाल्या आणि दगडवाल्या नायिका मला प्रिय आहेतच, पण त्यांचं बंड आता ठरावीक झालंय. चष्मा, हट्ट, गोळीबार, ड्यूक. फ्रेडरिका बंड वगैरे काही करत नाही. ती फक्त सगळं चालवते, आणि कुणाची परवानगी घ्यायला तिला सवड नसते. मला तीच सर्वांत बेबंद वाटते.

हेयर स्वतः मुळीच बंडखोर नव्हती. आजारी धाकट्या भावाच्या करमणुकीसाठी रचलेली गोष्ट तिच्या एकोणिसाव्या वर्षी, १९२१ साली, ‘द ब्लॅक मॉथ’ म्हणून छापली गेली. पुढे पन्नास वर्षं ती लिहीत राहिली आणि मुलाखती मात्र देत नव्हती. आयकर खात्याशी तिची झटापट दीर्घकाळ चालली आणि कराची बाकी भागवायला ती पुढचं पुस्तक लिहायला बसायची. जगातल्या एवढ्या वाचकांच्या आनंदामागे करवसुली आहे हे मी अशिलांना आवर्जून सांगतो. कुणालाही ते पटत नाही.

तिचे पूर्वग्रहही तिच्या पानांवर आहेत. ‘ग्रँड सोफी’तल्या ज्यू सावकाराचं चित्रण, तेही १९५० साली, वाचवत नाही. ‘ब्लॅक शीप’चा (१९६६) नायक तरुणपणी घरच्यांनी हिंदुस्थानात हाकललेला आणि श्रीमंत होऊन परतलेला. ती श्रीमंती कुणाच्या खिशातून आली, हा प्रश्न त्या पानांवर कुणी विचारत नाही. आमच्या, दुसऱ्या कुणाच्या?

तिची एक नायिका मात्र खरोखरची होती. ‘द स्पॅनिश ब्राइड’ (१९४०) मधली हुआना. १८१२ मध्ये स्पेनमधल्या बदाहोसच्या लुटालुटीतून वाचलेली चौदा वर्षांची मुलगी, जिच्याशी हॅरी स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने काही दिवसांतच लग्न केलं. वय वाचून आज अंगावर काटा येतो. ती मात्र पुढे नवऱ्याबरोबर रणांगणं घोड्यावरून पालथी घालत राहिली. कादंबरी वॉटर्लूपाशी थांबते. तीच हुआना २९ डिसेंबर १८४३ रोजी ग्वाल्हेरजवळ महाराजपूरला हत्तीवर बसून शिंद्यांच्या तोफांच्या माऱ्यात सापडली आणि तिला त्याबद्दल पदकही मिळालं. म्हणजे रीजन्सी कादंबरीच्या नायिकेवर मराठी फौजेने प्रत्यक्ष गोळे डागले आहेत. मला याचा अभिमान वाटावा की खेद, ते ठरत नाही.

उलट ‘ब्रिजर्टन’ या रीजन्सी मालिकेच्या दुसऱ्या पर्वात (२०२२) मुंबईहून लंडनला आलेल्या शर्मा भगिनी मराठी जाणतात असं सांगितलं जातं. मी कान टवकारून बसलो होतो. मला तरी एक वाक्य ऐकू आलं नाही.

आपल्या ऐतिहासिक कादंबरीवर माझं प्रेम आहे, पण तिथे पहिल्या पानापासून पोटात गोळा असतो. ‘स्वामी’ उघडतानाच थेऊर दिसत असतं, ‘राऊ’ उघडताना मस्तानीचं काय होणार ते माहीत असतं. वाचून झाल्यावर दोन दिवस जेवण जात नाही. म्हणून मराठी लेखकांना एक विनंती आहे. पेशवाईतल्या पुण्याची एक खेळकर प्रेमकथा कुणी तरी लिहा. नायिका चोवीस वर्षांची असू द्या. आठव्या वर्षी लग्न लागायच्या काळात ती तेवढी कशी राहिली, याचं कारण शोधण्यातच तुमची निम्मी कादंबरी होईल. तिला सावकाराच्या चोपड्या वाचता येऊ द्या, नायकाच्या दंडाला हवं तर इजा होऊ द्या, आणि शेवटी पानिपत नको, अक्षता पडू द्या. तुमच्या मानधनावर कर किती बसेल ते मी फुकट काढून देईन.