मनात येईल ते मोठ्यानं बोला

वर्धा जिल्ह्यात मेकॅनिकल इंजिनिअर होणं सोपं आहे. त्यानंतर काय करायचं, हे पानठेल्यावर ठरतं. माझंही तिथंच ठरलं. मित्राचा चुलतभाऊ बंगळुरूला यूएक्स डिझायनर होता आणि ‘नुसते चौकोन काढून’ माझ्यापेक्षा कितीतरी जास्त कमवत होता. मी बुटीबोरीच्या एका कारखान्यात व्हॉल्व्ह मोजत होतो. चौकोन तर मलाही येत होते. इंजिनिअरिंग ड्रॉइंगच्या पेपरला मी हौसेनं पुन्हा पुन्हा बसलेला माणूस.

घरी सांगण्याआधी पुरावे जमवले. बाबांना म्हटलं, अमेरिकेतले डोनाल्ड नॉर्मन, ज्यांनी ॲपलमध्ये असताना ‘यूजर एक्स्पिरिअन्स’, म्हणजेच यूएक्स, हे नाव रूढ केलं, ते मुळात एमआयटीचे इलेक्ट्रिकल इंजिनिअर. आपल्या पवईच्या आयआयटीत १९६९पासून डिझाइनचं केंद्र आहे, तिथं इंजिनिअर चालतात.

‘‘तुले घेतलं काय पवईत?’’

‘‘नाही. माझा ऑनलाइन कोर्स आहे.’’

‘‘मंग नॉर्मन कायले सांगून राहिला बे?’’

नोकरी सोडली. कोर्समध्ये कळलं की आधी वापरणारा माणूस ओळखायचा असतो. मी खोलीत बसून तो ओळखला. भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या लावल्या, एक काल्पनिक बाई तयार केली: सुनीता, वय ३८, शेतमजूर, ध्येय डिजिटल सक्षमीकरण. चिठ्ठ्या पंख्याच्या वाऱ्यानं गळाल्या. आईनं त्यांवर किराण्याची यादी लिहिली. माझ्या कोर्सभरातलं सर्वांत उपयोगी काम तेच, पण तेव्हा मी ते नोंदवलं नाही.

पोर्टफोलिओसाठी खरं काम हवं होतं. हिंगणघाटच्या बाजूला मामाचं कपाशीचं वावर आहे. सीतादहीची पूजा झाली की तिथं वेचणी सुरू होते. संध्याकाळी प्रत्येक बाईचा कापूस काट्यावर मोजतात, किलोवर मजुरी ठरते आणि मामी ते वहीत लिहिते. ही वही मोडीत काढायची, असं मी ठरवलं. ॲप बनवलं. त्यात ओटीपी होता, आलेख होता, रात्रीसाठी काळा पडदा होता आणि सगळ्यांत जास्त वेचणारीसाठी ‘आजची स्टार’ असा सोनेरी बिल्ला होता. मागणी कुणाचीच नव्हती, पण इंजिनिअरला जागा रिकामी दिसली की तो तिथं काहीतरी बसवतोच.

जेकब नीलसन नावाचे तज्ज्ञ सांगतात की पाच जणांवर चाचणी घेतली तरी बहुतेक दोष सापडतात. म्हणून धुऱ्यावर पाच बाया बसवल्या आणि कोर्समधली पद्धत सांगितली: ॲप वापरताना मनात येईल ते मोठ्यानं बोला.

पहिली लगेच म्हणाली, ‘‘माह्या मनात हे येऊन राहिलं का पोरगं एवढं शिकलं, त वावरात काऊन फिरून राहिलं?’’

दुसरीचा नंबर तिच्या पोराच्या फोनात होता आणि पोरगा हिंगणघाटात. ओटीपी तिकडं गेला. त्यानं शेजारणीच्या फोनवर आईला कळवलं, ‘‘कोनी नंबर मागतला त देजो नको, चोर असते.’’ त्यानंतर त्या बाईनं माझ्याशी बोलणं बंद केलं.

तिसरीची बोटं बोंडांच्या टोकांनी चिरली होती, कातडी खरखरीत झाली होती. स्क्रीनला ती बोटं कळेचनात. ती दाबत राहिली, फोन ढिम्म. चौथीला उन्हात पडद्यावर काहीच दिसेना. तिनं फोन तिरपा धरून आपलं कुंकू तेवढं नीट केलं.

पाचवीला बिल्ला मिळाला आणि वावरात भांडण पेटलं. ‘‘तिचा कापूस वला व्हता, दहिवराचा! वल्याचं वजन जास्तच भरते!’’ ओला कापूस जड भरतो, हे मला ठाऊक नव्हतं. माझ्या ॲपमध्ये ओलाव्याचा रकानाच नव्हता. मामीच्या वहीत होता. नावापुढं बारीकशी फुली. त्या फुलीचे किती ग्रॅम कापायचे हे सगळ्या बायांना मान्य. अंधार पडला, टेम्पोवाला खोळंबला. मामी वही घेऊन बसली आणि म्हणाली, ‘‘भाचेबुवा, तुमच्या मोबाईलची बत्ती दाखवा जरा.’’

मी दाखवली. हिशेब चटकन मिटला.

मन रमवायला वर्ध्यात मगन संग्रहालयात गेलो. मगनवाडीतलं हे संग्रहालय १९३८ साली गांधीजींच्या हस्ते उघडलं. तिथं चरखेच चरखे. परत येऊन चरख्यांबद्दल वाचायला घेतलं, तर १९२९ सालची एक जाहिरात सापडली. अखिल भारतीय चरखा संघानं नव्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस लावलं होतं. आठ तासांत १६,००० वार सूत निघावं, किंमत १५० रुपयांवर जाऊ नये, यंत्र वीस वर्षं टिकावं. आणि एक अट अशी, की खेड्यातल्या बाईला त्यावर फारसं न दमता सलग आठ तास काम करता यावं. मी जे शिकायला फी भरली होती, ते या लोकांनी यंत्र बनायच्या आधीच अटींत लिहून टाकलं होतं.

किर्लोस्करवाडीच्या काळे नावाच्या गृहस्थांनी एक यंत्र घडवलंही. तिथला किर्लोस्करांचा कारखाना म्हणजे त्या काळच्या मराठी इंजिनिअरिंगचं पंढरपूर. तरीही यंत्र परीक्षेत उतरलं नाही, बक्षीस कुणालाच मिळालं नाही. हे वाचून मला जो आनंद झाला तो सभ्य माणसाला शोभणारा नव्हता.

मामीची वही या हंगामातही चालू आहे. वाचकांपैकी कुणाच्या वावरात वेचणी असेल तर मला जरूर कळवा. धुऱ्यावर बसून तुमच्या वह्या पाहायच्या आहेत. ॲप आणणार नाही. बत्ती आणीन.