साठ टक्के संस्कार

‘द ड्यूस’ ही मालिका सभ्य घरांत समाजशास्त्राचा अभ्यास म्हणून पाहिली जाते. रात्री, दार लोटून, इअरफोन लावून. १९७१च्या न्यूयॉर्कमधला ४२वा रस्ता, फुटपाथवर उभ्या बायका, रुंद कॉलरवाले त्यांचे दलाल, हप्ता घेणारे पोलीस आणि मागे सगळ्यांचा हिशेब ठेवणारा माफिया, असा हा अभ्यासक्रम. डेव्हिड सायमन आणि जॉर्ज पेलेकॅनोस या जोडीने तो एचबीओवर २०१७ ते २०१९ अशा तीन पर्वांत पूर्ण करून घेतला.

अडचण एकच झाली. चित्रीकरणाला घाण मिळेना. टाइम्स स्क्वेअर आता इतका चकचकीत आहे की तिथे १९७१ सापडणं अशक्य. मग युनिट गेलं उत्तरेला, वॉशिंग्टन हाइट्समध्ये, आणि तिथे जुन्या थिएटरांच्या पाट्या लावून ४२वा रस्ता उभा केला. खरी घाण हटवायला महापालिकेने पैसे ओतले, तीच घाण हुबेहूब उभी करायला निर्मात्याने ओतले. रोजगार दोन्हीकडे निर्माण झाला, हे मान्य करायला हवं.

मालिकेत कँडी नावाची बाई आहे. दलाल न ठेवता धंदा करणारी. वाढदिवसाचं बक्षीस म्हणून तिच्याकडे आलेला एक कोवळा पोरगा क्षणात आटोपतो आणि आणखी एक संधी फुकटात मागतो. ती चिडत नाही. तुझे वडील काय करतात, विचारते. गाड्या विकतात. मग एखाद्या गिऱ्हाइकाने घासाघीस न करता झटकन गाडी घेतली, तर बाबा त्याला दुसरी फुकट देतात का? पोरगा गप्प. अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी हा प्रसंग वर्गात दाखवायला हरकत नाही, दार लोटून.

कँडी साकारणाऱ्या मॅगी जिलेनहालने भूमिका स्वीकारताना निर्मातीपदही मागून घेतलं. आपल्या शरीराची गोष्ट सांगितली जाताना टेबलाच्या त्या बाजूलाही आपली खुर्ची हवी, एवढा साधा व्यवहार. दुसऱ्या पर्वापासून एमिली मीड या अभिनेत्रीच्या आग्रहामुळे शय्यादृश्यांवर देखरेख करायला सेटवर खास व्यक्ती नेमली गेली, आणि पुढे एचबीओने ही पद्धत आपल्या सगळ्याच मालिकांना लागू केली. उत्तमच झालं. म्हणजे फुटपाथवरच्या बाईला जे संरक्षण कधी मिळालं नाही, ते तिची नक्कल करणाऱ्या बाईला साडेचार दशकांनी मिळालं. प्रगती हळूहळूच होते म्हणतात.

पण खरा विनोद मालिकेबाहेर घडला. १९९५ साली न्यूयॉर्कने नियम केला: शाळा, प्रार्थनास्थळ किंवा राहत्या वस्तीपासून ५०० फुटांच्या आत ‘तसलं’ दुकान नको. आता ‘तसलं’ म्हणजे किती? तर दुकानातला ४० टक्के किंवा त्याहून जास्त माल तसला असला तर. दुकानदार काही कच्चे नव्हते. त्यांनी पुढच्या फळ्यांवर कुंगफूच्या कॅसेटी आणि पडून राहिलेले जुने सिनेमे रचले, मागे पडदा लावला आणि ६० टक्के सोवळे झाले. त्या कुंगफूच्या कॅसेटी कोणी विकत घ्यायच्या नसतातच. त्या उदबत्तीसारख्या लावून ठेवायच्या. महापालिका आणि दुकानदार यांच्यात मग वर्षानुवर्षं कोर्टबाजी चालली.

तसं पाहिलं तर मालिकेच्या दुकानातही पुढे समाजशास्त्र आणि मागे पडदा आहेच, आणि प्रेक्षक थेट पडद्याकडे जात नाहीत असं छातीठोक सांगणारा मला अजून भेटायचा आहे.

रस्ता शेवटी पावित्र्याने साफ झाला नाही, जागेच्या भावाने झाला. मालिका हे स्पष्ट दाखवते. पोलीस बायकांना फुटपाथवरून हुसकतात ते थेट माफियाच्या मसाज पार्लरमध्ये. महापौरांच्या कचेरीतला माणूस नीतीच्या गप्पा मारतो तेव्हा त्याची नजर इमारतींवर असते. पडद्याबाहेर, मोडकळीला आलेलं न्यू ॲम्स्टरडॅम थिएटर डिस्नेने घेतलं आणि १९९७ मध्ये तिथे ‘द लायन किंग’ गर्जू लागला. जमीनमालक सुखी, महापौर सुखी, पर्यटक सुखी. बायकांची चौकशी कोणी केली नाही, कारण त्यांच्या नावावर चौरस फूट नव्हते.

एवढं पाहून आपण म्हणायचं, अमेरिका ती अमेरिका! तर मंडळी, आपल्या मुंबईतही कामाठीपुऱ्याच्या वेश्यावस्तीच्या पुनर्विकासाचं काम म्हाडाने हाती घेतलं आहे. मालकाला किती, भाडेकरूला किती, विकासकाला किती, हे आकडे तुम्हाला वर्तमानपत्रात सापडतील. खाटेपुरत्या जागेचं भाडं रोज मोजणाऱ्या बाईचं नाव कोणत्या यादीत आहे, तेवढं म्हाडाला एकदा लेखी विचारा.